एका रस्त्याचे सात धनी : बाग सेवनियाच्या दारातल्या होशंगाबाद रोडची गोष्ट

मागच्या बैठकीत विषय ठरवताना एका सदस्यानं विचारलं, "रस्त्याचा कसला इतिहास? इतिहास किल्ल्यांचा, वाड्यांचा, फार तर तलावांचा." प्रश्न रास्त आहे. भोपाळमध्ये राहून नवाबी काळ, बडा तालाब, बेगमांची कारकीर्द हे सोडून होशंगाबाद रोडवर टिपण लिहायचं म्हणजे जरा विचित्रच. पण मी मूळचा इंजिनिअर. कुठलीही वस्तू पाहिली की ही कोणी बांधली आणि आता दुरुस्त कोण करतं, असे दोन प्रश्न आधी मनात येतात. किल्ल्याच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात सापडतं आणि दुसऱ्याचं पुरातत्त्व खात्याच्या पाटीवर. बाग सेवनियासमोरच्या रस्त्याच्या बाबतीत मात्र दोन्ही उत्तरं शोधायला मला तीन वर्षं लागली. ही तीन वर्षं का लागली, तेच या टिपणात सांगायचं आहे.

निमित्त अगदी क्षुल्लक. आमच्या घरापासून जवळच सायकल ट्रॅकवरचा गटाराचा स्लॅब फुटला. शेजारचे एक काका तिथं पाय अडकून पडले. मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. ते म्हणाले, गटार आमचं, ट्रॅक आमचा नाही, आणि स्लॅब ट्रॅकचा भाग आहे. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, ट्रॅक योजनेतून झाला होता, योजना संपली. तिसऱ्या ठिकाणी साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "भाईसाब, रोड तो हमारी है, पर किनारा नहीं." हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं. काकांचा पाय बरा झाला. स्लॅब शेवटी कॉलनीतल्या लोकांनी वर्गणी काढून बसवला. पण रस्ता एकाचा, किनारा दुसऱ्याचा आणि गटार तिसऱ्याचं, हे त्रांगडं झालं कधी आणि कसं, हा प्रश्न डोक्यातून गेला नाही.

आधी गाव होतं

बाग सेवनिया हे नाव दोन तुकड्यांचं आहे. भोपाळच्या आसपास 'बाग' लागलेली नावं भरपूर : बाग मुगालिया, बाग फरहत अफजा, बाग उमराव दूल्हा, बाग दिलकुशा. संस्थानी काळातल्या बागांच्या संस्कृतीची ही खूण. म्हणजे ज्या जागेचं नावच बाग, तिथं आज उद्यान कोणाच्या ताब्यात आहे हे विचारत फिरावं लागतं, ही गंमत आहेच.

गावाच्या सोबतीनं दोन वाटा जातात. एक लोहमार्ग, दुसरा दक्षिणेकडे नर्मदेला जाणारा रस्ता. लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांतला. इटारसीकडून भोपाळपर्यंत रेल्वे आली ती शाहजहान बेगम यांच्या कारकिर्दीत, आणि त्या कामात भोपाळ दरबारानं स्वतःचा पैसा घातला. इंग्रज सरकार आणि संस्थान, दोन वेगळ्या राजवटी. पण पैसा कोणी किती द्यायचा आणि गाडी कोणी चालवायची, हे आधी कागदावर ठरलं आणि मग रूळ पडले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रस्ता म्हणजे होशंगाबाद रोड. होशंगाबादचं नाव २०२२ साली नर्मदापुरम झालं, तसा कागदोपत्री रस्ताही नर्मदापुरम रोड झाला. पण रिक्षावाल्याला अजून होशंगाबाद रोडच कळतो. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १२ चा भाग होता, जबलपूरहून भोपाळमार्गे जयपूरला जाणारा. म्हणजे बाग सेवनिया हे महामार्गाच्या कडेचं गाव. पुढे शहर वाढत वाढत मिसरोदच्या दिशेनं आलं आणि महामार्गाचाच शहरी रस्ता झाला. पहिला घोळ इथंच. महामार्गाचा हेतू गाडी न थांबता पुढे जावी हा असतो. शहरी रस्त्याचा हेतू माणसानं थांबावं, उतरावं, रस्ता ओलांडावा, भाजी घ्यावी हा असतो. एकाच डांबरावर दोन्ही हेतू आले, आणि दोन्हींची खाती वेगळी होती.

नागपूरहून आलेली माणसं आणि 'प्रोजेक्ट'

आता थोडं मागे जावं लागेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवं मध्य प्रदेश झालं. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि राजधानी भोपाळला आली. नागपूरच्या सचिवालयातली मराठी कुटुंबं फायली, ट्रंका आणि पितळी भांडी घेऊन इकडे आली. आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांच्या घरात ही गोष्ट आजी-आजोबांकडून ऐकलेली आहे, त्यामुळे विस्तार करत नाही.

पण एक मुद्दा सहसा सांगितला जात नाही. ही माणसं ज्या शहरातून आली, तिथं शहर चालवणाऱ्या संस्था दोन होत्या. नागपुरात नगरपालिका (१९५१ पासून महापालिका) आणि १९३६ च्या कायद्यानं झालेला नागपूर सुधार प्रन्यास. लेआउट प्रन्यासनं पाडायचे, बगीचे प्रन्यासनं करायचे, आणि मग ते नगरपालिकेनं ताब्यात घ्यायचे की नाही यावर वाद घालायचा. नागपूरकरांना 'नासुप्र' आणि 'मनपा' यांच्यातली ही ओढाताण नवी नाही. निवडून आलेली संस्था एक, नेमलेली संस्था दुसरी, हा नमुना मध्य प्रांताच्या प्रशासनाला सवयीचा होता.

भोपाळमध्ये तेव्हा काय होतं? सुलतान जहान बेगम यांच्या काळात १९०७ साली सुरू झालेली 'मजलिस-ए-इंतजामिया', तिची पुढे झालेली नगरपालिका. शहर लहान. इतकं की राजधानी होऊनही भोपाळ हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो सीहोर जिल्ह्यातच होता. भोपाळ जिल्हा झाला १९७२ च्या ऑक्टोबरात आणि महापालिका, म्हणजे इथल्या भाषेत नगर निगम, झालं १९८३ साली. राजधानी उभारायचं काम या लहान नगरपालिकेला झेपणारं नव्हतं. म्हणून १९६० साली राजधानी परियोजना प्रशासन सुरू झालं. लोक त्याला तीन इंग्रजी अक्षरांनी 'सीपीए' म्हणत, जुनी मराठी मंडळी नुसतं 'प्रोजेक्ट' म्हणत. नव्या भोपाळचे रस्ते, सरकारी इमारती आणि विशेष म्हणजे उद्यानं आणि झाडं, हे त्यांचं काम. आज भोपाळ हिरवं दिसतं त्यात या खात्याच्या माळ्यांचा मोठा वाटा आहे, हे मान्य करायला हवं.

याच सुमारास दुसरीकडे आणखी एक शहर उभं राहत होतं. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीची स्थापना झाली, इंग्लंडच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या तांत्रिक साहाय्यानं कारखाना उभा राहिला, आणि नोव्हेंबर १९६० मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. पुढे १९७४ साली तो 'भेल'मध्ये विलीन झाला. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा ही त्याची टाउनशिप. तिथले रस्ते, पाणी, बगीचे, रस्त्यावरचे दिवे, सगळं कंपनीच्या नगर प्रशासनाकडे.

बाग सेवनिया या सगळ्यांच्या मधे सापडलं. एका अंगाला भेलची जमीन, साकेत नगरच्या बाजूला विकास प्राधिकरणानं आखलेल्या वसाहती, पलीकडे १९७० साली सुरू झालेलं विद्यापीठ (आजचं बरकतउल्ला), रेल्वेची हद्द, समोर महामार्ग. मधे गावठाण. २०१२ साली एम्स सुरू झालं तेव्हा रोज हजारो बाहेरगावचे रुग्ण या भागात यायला लागले. यांतल्या प्रत्येकाचा इंजिनिअर वेगळा, बजेट वेगळं, नकाशा वेगळा. सतरा लुगडी तरी भागूबाई उघडी, तसं झालं.

कागदावरचं सहकार्य

मग सहकार्याची सोय कुठेच नव्हती का? होती. कागदावर तर उत्तम होती.

मध्य प्रदेशचा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ चा. त्या कायद्याखाली भोपाळचा पहिला विकास आराखडा १९७५ साली लागू झाला, १९९१ पर्यंतचा. त्या काळात महेश नीलकंठ बुच यांच्यासारखा अधिकारी होता, ज्याला शहर आणि निसर्ग एकत्र पाहण्याची दृष्टी होती. बड्या तालाबाच्या काठचं वन विहार १९८३ साली राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे त्यांचं नाव घेतलं जातं. दुसरा आराखडा १९९५ साली आला, २००५ पर्यंतचा. तो संपला, आणि तिसरा अजून आलेला नाही. २०३१ चा मसुदा २०२० साली निघाला, हरकती आल्या, २०२३ साली सुधारून पुन्हा निघाला, पण मंजूर झाला नाही. म्हणजे होशंगाबाद रोडवर पुढे जे जे झालं, बसमार्ग, सायकल ट्रॅक, मेट्रो, ते सगळं मुदत संपलेल्या आराखड्याच्या काळात झालं. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर जनरल ड्रॉइंग नाही आणि तीन ठेकेदार एकाच प्लॉटवर काम करताहेत.

दुसरी सोय घटनेतच आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. त्यात दहा लाखांवरच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडायचे. शहर आणि गाव यांनी एका टेबलाशी बसून पाणी, रस्ते, मोकळ्या जागा यांचं ठरवायचं, ही कल्पना. तिसरी सोय, २००६ चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण. त्यात मोठ्या शहरांसाठी एकीकृत वाहतूक प्राधिकरण सुचवलं आहे, म्हणजे बस, रेल्वे, पायवाट, पार्किंग हे एकाच छत्राखाली. वाचताना बरं वाटतं.

लाल बस आणि जाळ्या

२००५ साली राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय झाला. शहरात तेव्हा मिनीबसचं राज्य होतं, आणि त्याआधी तीनचाकी टेम्पोचं, ज्यांना भोपाळी लोक 'भटसुअर' म्हणत. ज्यांनी त्यातून प्रवास केला आहे त्यांना या नावाचा अर्थ समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी डिसेंबरात केंद्राची जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजना आली. भोपाळच्या आकाराच्या शहरांसाठी खर्चाची वाटणी ठरली होती : केंद्र ५० टक्के, राज्य २०, नगर निगम ३०. नगर निगमच्या पुढाकारानं भोपाळ सिटी लिंक ही बस कंपनी निघाली आणि जलद बसमार्गाचं, बीआरटीएसचं काम सुरू झालं. मिसरोद ते बैरागढ, सुमारे २४ किलोमीटर. सप्टेंबर २०१३ मध्ये तो सुरू झाला. आपल्या भागात रस्त्याच्या मधोमध जाळ्या लावून बसची स्वतंत्र मार्गिका, मधेच थांबे, लाल रंगाच्या बसगाड्या.

मला ती बस आवडायची, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा कल वाचकांना माहीत असावा. पण दोषही दिसत होते. थांबा रस्त्याच्या मधे, आणि तिथं पोचायला भरधाव गाड्यांमधून रस्ता ओलांडायचा. म्हणजे बस नगर निगमच्या कंपनीची, सिग्नल आणि पोलिस वेगळ्या विभागाचे, दिवे तिसऱ्याचे. मार्गिका रिकामी दिसली की कारवाले चिडायचे, आणि बस उशिरा आली की प्रवासी. शहराच्या मध्यभागात तर रस्ता अरुंद झाला की स्वतंत्र मार्गिका संपायची आणि जलद बस बाकीच्या गाड्यांच्या मागे उभी राहायची. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी. चोवीस किलोमीटरपैकी थोडे किलोमीटर जरी अडले तरी अख्खा मार्ग अडतो.

डिसेंबर २०२३ मध्ये नवं सरकार आलं, बीआरटीएस काढायचं ठरलं आणि जानेवारी २०२४ मध्ये बैरागढच्या बाजूनं जाळ्या निघायला लागल्या. नंतर आपल्या बाजूच्याही निघाल्या. दहा वर्षं आणि काही महिने, एवढं त्याचं आयुष्य. काढण्यावर लोक खूश होते, हे नोंदवलं पाहिजे. रस्ता रुंद झाला. पण ज्या बाईला मिसरोदहून न्यू मार्केटला कामाला जायचं होतं, तिला कोणी विचारलं का, याची नोंद मला कुठे आढळली नाही.

सायकल ट्रॅक

याच रस्त्याच्या कडेला २०१७ साली आणखी एक प्रयोग झाला. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत भोपाळ निवडलं गेलं. (आधी जागा शिवाजी नगर-तुलसी नगर ठरली होती, पण तिथली झाडं वाचवायला नागरिक उभे राहिले आणि जागा टी. टी. नगरला हलवली. शहरात नागरिकांचं ऐकलं गेल्याचं हे एक चांगलं उदाहरण.) जून २०१७ मध्ये सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली, पाचशे सायकली घेऊन. मोबाइलवरून कुलूप उघडायचं, एका स्टँडवर घ्यायची, दुसऱ्यावर ठेवायची. सोबत होशंगाबाद रोडच्या कडेनं सुमारे १२ किलोमीटरचा खास सायकल ट्रॅक.

पहिल्या दोन वर्षांत संध्याकाळी या ट्रॅकवर मुलं, विद्यापीठाचे विद्यार्थी, फिरायला निघालेले ज्येष्ठ असे सगळे दिसायचे. खरं तर बाग सेवनियाला एवढं लांब 'उद्यान' कधीच मिळालं नव्हतं. चार-पाच मीटर रुंद, पण बारा किलोमीटर लांब. मग हळूहळू पाणीपुरीच्या गाड्या आल्या, दुकानांसमोर गाड्या उभ्या राहिल्या, कुठे केबलसाठी खोदलं आणि माती तशीच राहिली. कुठे फरशा उखडल्या. आमच्याकडे तो स्लॅब फुटला.

दोष पाणीपुरीवाल्याचा नाही. त्याला गिऱ्हाईक तिथं मिळतं. ट्रॅक बांधणारी यंत्रणा योजनेची होती, आणि स्मार्ट सिटी योजनेची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. राजधानी परियोजना प्रशासन त्याआधीच, ३१ मार्च २०२२ रोजी बंद झालं, रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे गेले आणि उद्यानं वन विभागाकडे. बसमार्ग २०२४ मध्ये उखडला. तीन वर्षांत तीन धनी गेले. रस्ता तिथंच आहे.

मला सापडलेली मुख्य गोष्ट ही. आपण म्हणतो की खात्यांमध्ये समन्वय नाही. ते खरं आहे, पण अर्धंच. शहरातली डांबरी आणि सिमेंटची कामं तीस-चाळीस वर्षं टिकावीत अशी अपेक्षा असते. ती करणाऱ्या संस्था मात्र पाच-दहा वर्षांच्या योजनेवर जगतात. बाप आधी मरतो आणि पोर अनाथ होतं. समन्वयाची बैठक भरवून हे सुटत नाही, कारण बैठकीला यायला पुढच्या वर्षी ते खातंच नसतं.

पुण्याकडे एक नजर

आपल्याकडे कोणी हे सोडवलं आहे का, म्हणून मी पुण्याकडे पाहिलं. तिथं पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शेजारी महापालिका. दोन वेगळ्या बससेवा होत्या, पीएमटी आणि पीसीएमटी. निगडीचा माणूस स्वारगेटला जाणार, त्याला हद्दीशी काय देणंघेणं? २००७ साली दोन्ही सेवा एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे पीएमपीएमएल केलं. वाटा ठरला : पुणे ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४०. तोटा झाला तर तोही याच प्रमाणात.

पीएमपीएमएलबद्दल पुणेकर काय बोलतात ते मला माहीत आहे. बस मिळत नाही, बंद पडते, तोट्याच्या पैशांवरून रडारड चालते. पुण्यात २००६ साली सुरू झालेल्या बीआरटीचेही हाल झाले, नगर रस्त्यावरचा मार्ग तर काढूनच टाकला. पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र तो बराच टिकला. म्हणजे पुणं आदर्श आहे असं मला म्हणायचं नाही. पण एक फरक आहे. तिथं भांडायला एक टेबल आहे आणि भांडणाचं प्रमाण, ६० ला ४०, आधीच लिहिलेलं आहे. दोन महापालिका रुसल्या-फुगल्या तरी महामंडळ मोडून पडलं नाही. भोपाळ दरबार आणि इंग्रज सरकार यांनी रेल्वेबाबत जे केलं, तेच : पैसा किती, चालवणार कोण, हे आधी.

परदेशातलं एक उदाहरण देऊन पुढे जातो. अमेरिकेतल्या पोर्टलंड भागात तीन काउंटी आणि चोवीस शहरं मिळून 'मेट्रो' नावाची प्रादेशिक संस्था आहे. तिची परिषद थेट मतदानानं निवडली जाते. वाहतुकीचं नियोजन, निसर्ग उद्यानं आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाणाऱ्या पायवाटा, हे ती एकत्र बघते. पायवाट हद्दीवर संपत नाही, कारण ती आखणारी संस्थाच हद्दीच्या वरची आहे आणि योजना संपली म्हणून ती संस्था संपत नाही.

हद्दीपलीकडे

बाग सेवनियाहून दक्षिणेला निघालं की मिसरोद, मग ग्यारह मील, मग थोड्याच वेळात जिल्ह्याची हद्द. पलीकडे रायसेन जिल्हा आणि त्यातलं मंडीदीप, मोठी औद्योगिक वसाहत, स्वतःची नगरपालिका. रोज सकाळी आपल्या भागातून कामगारांचे लोंढे तिकडे जातात. अलीकडे राहणारा माणूस भोपाळ नगर निगमला कर भरतो, पलीकडे कमावतो, आणि मधल्या रस्त्यावर दोघांचंही लक्ष नाही. बस किती हव्यात, तोटा कोणी सोसायचा, दोन नगर संस्थांनी बसून ठरवायचं म्हटलं तर ठरेल. २०१४ साली शेजारची कोलार नगरपालिका निगममध्ये विलीन केली, तसं प्रत्येक वेळी शेजाऱ्याला पोटात घेणं हाच उपाय असेल असं नाही. मंडीदीप तर दुसऱ्या जिल्ह्यात आहे.

आणि वाटेचं म्हणाल तर ग्यारह मीलवरून भोजपूरचा रस्ता फुटतो. भोजराजाचं अपूर्ण शिवमंदिर, आणखी पुढे भीमबेटका, २००३ पासून जागतिक वारसा. रविवारी पहाटे सायकलवाल्यांच्या टोळ्या याच दिशेनं जाताना मी पाहतो. शहराच्या आतला ट्रॅक मिसरोदला संपतो. पुढे ट्रकच्या चाकाशेजारून जायचं. भोपाळ ते भोजपूर अशी सुरक्षित वाट आखायची तर एक निगम, दोन जिल्हे, वाटेवरच्या ग्रामपंचायती, वन विभाग, बांधकाम विभाग, एवढ्यांच्या सह्या लागतील. कठीण आहे. पण हजार वर्षांपूर्वी भोजपूरला दगड वाहणाऱ्यांनाही सोपं नसणार.

आता दोन नव्या गोष्टी घडल्या आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये भोपाळ मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, सुभाष नगर ते एम्स, सुमारे सात किलोमीटर. अलकापुरी आणि एम्स ही स्थानकं म्हणजे आपलं अंगणच. पण ऐन या वेळी शहरातल्या लाल बसगाड्या रोडावल्या आहेत. मेट्रो केंद्र-राज्याच्या कंपनीची, बस निगमच्या कंपनीची, स्थानकाबाहेरचा फुटपाथ आणखी कोणाचा. स्थानकातून उतरलेला रुग्णाचा नातेवाईक एम्सच्या दारापर्यंत सावलीतून, न अडखळता चालत जाऊ शकतो का, यावर मेट्रोची परीक्षा आहे, खांबांच्या उंचीवर नाही.

दुसरी गोष्ट, २०२५ सालीच राज्यानं महानगर क्षेत्र नियोजन आणि विकासाचा कायदा केला. भोपाळ, सीहोर, रायसेन, विदिशा, राजगढ या जिल्ह्यांचे भाग मिळून एक महानगर क्षेत्र करायची ही चाल आहे. हे प्राधिकरण आणखी एक धनी ठरेल की सगळ्या धन्यांचं टेबल ठरेल, हे पुढच्या काही वर्षांत कळेल. मला वाटतं त्याची खूण सोपी आहे. पहिल्या वर्षी ते नवा उड्डाणपूल जाहीर करतं की कोणता रस्ता, कोणतं उद्यान, कोणती वाट कोणी सांभाळायची आणि पैसा कोणत्या प्रमाणात द्यायचा याची यादी काढतं, ते बघा.

आपण काय करू शकतो

आपलं मंडळ इतिहासाचं, आंदोलनाचं नाही. पण एक काम आपल्या आवाक्यातलं आहे. खातं बंद झालं की त्याच्या फायली दुसऱ्या खात्याच्या गोदामात जातात, आणि नकाशा ज्याच्या डोक्यात असतो तो माणूस निवृत्त होतो. जमिनीखाली कुठली वाहिनी कधी पडली, कुठला नाला वळवला, कुठलं झाड कोणत्या वर्षी लावलं, हे सांगणारी माणसं आपल्यातच आहेत. भेल, सीपीए, बांधकाम विभाग, रेल्वे, सगळीकडे आपली मराठी मंडळी नोकरीला होती.

मी बाग सेवनियासमोरच्या एक किलोमीटरची वही करायला घेतली आहे. शाळेची दोनशे पानी वही, दुसरं काही नाही. दर पन्नास पावलांवर काय आहे, ते कोणी बांधलं, कधी, आणि आज कोणाकडे. मॅनहोलच्या झाकणावरची अक्षरं, खांबांवरचे क्रमांक, कोपऱ्यातली शिलान्यासाची पाटी, सगळं टिपतो आहे. अकरा ठिकाणी 'आज कोणाकडे' हा रकाना रिकामा आहे. त्यातलं एक ठिकाण म्हणजे आमच्या वर्गणीचा स्लॅब. त्यापुढे मी तूर्तास पेन्सिलनं 'कॉलनी' असं लिहिलंय.

वाचकांपैकी कोणाकडे जुने लेआउट, रस्त्याचे फोटो, किंवा नोकरीच्या काळातल्या आठवणी असतील तर पुढच्या बैठकीला घेऊन याव्यात. फोटोच्या मागे साल लिहिलेलं असेल तर फारच उत्तम. नसेल तर बसू, बघू, आणि मागची झाडं केवढी झाली आहेत त्यावरून काढू.